मंडपमित्राचं कुलूप

४ ऑक्टोबर, सोमवार

आज दुपारी मंडपमित्र पूर्ण झालं. त्या वेळी अख्खं भावनगर झोपलेलं असतं, त्यामुळे कुणाला सांगता आलं नाही. कल्लोलिनी शाळेतून आल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, "मागच्या महिन्यातही पूर्ण झालं होतं."

"तेव्हा ते चालत नव्हतं."

"मग पूर्ण कसलं?"

शाळेत मुलींना संगीत शिकवणाऱ्या बायकोला हे समजावणं कठीण आहे.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यानंतरचं हे माझं पहिलं स्वतःचं काम. कुठल्या लग्नाला किती कनाती, किती गाद्या, किती पातेली गेली, परत किती आली, आणि त्यांतली किती पोचे पडून आली, हे मंडपवाल्याला आता कॉम्प्युटर सांगेल. मंडपवाल्यांच्या मंडळाच्या अध्यक्ष रळियातबा सरवैया यांनी शब्द दिला आहे. दिवाळीनंतर लाभपाचमेच्या मेळाव्यात प्रत्येक सभासदाला एकेक सीडी. चाललं तर पुढे महुवा, पालिताणा, अमरेली. नाही चाललं तर कल्लोलिनीच्या भावाच्या स्टेशनरीच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं घरात ठरलं आहे. तो मला आत्तापासूनच "मॅनेजरसाहेब" म्हणतो आणि वर हसतो.

७ ऑक्टोबर

सकाळी गांठियाच्या गाडीवर दुष्यंत मांकड भेटला. शाळेपासूनचा मित्र, वाघावाडी रोडवर कॉम्प्युटरचं दुकान. मिरची चावत म्हणाला, "भद्रा, वाटण्याआधी कुलूप लावलंस का?"

"कसलं कुलूप?"

"म्हणजे उघडंच देणार? राजकोटमध्ये एकाने सोनारांसाठी असंच काहीतरी केलं. महिन्याभरात दुसराच माणूस स्वतःचं नाव घालून तेच विकत होता. मूळ मालक आता त्याच्याकडेच नोकरीला आहे."

मी गांठिया तसाच कागदात गुंडाळला. मी बँकेत तिजोरीची किल्ली कमरेला बांधून फिरलेला माणूस. भद्रेश बुच याने बनवलेली वस्तू उघडी? आजपासून कुलपं.

दुष्यंतने एवढ्या आपुलकीने का सांगितलं, याचाही विचार करायला हवा. त्याच्या दुकानात सीडींच्या प्रती काढायचं यंत्र आहे.

८ ऑक्टोबर

पहिलं कुलूप लावलं. आतले तक्ते, आतलं लिखाण, वरचे मेनू, सगळं दडवलं. आता उघडलं की फक्त गणपती दिसतो आणि खाली चार बटणं. कल्लोलिनीला दाखवलं. तिने गणपतीला नमस्कार केला आणि कपडे वाळत घालायला गेली.

११ ऑक्टोबर, सोमवार

रळियातबांच्या गोदामात चाचणी. बा सदुसष्टच्या आहेत, पण आवाज असा की रस्त्यावरचा छकडा थांबतो. त्यांची बसायची पद्धत लिहून ठेवतो, कारण ग्राहकाचा अभ्यास असावा. उजवा हात जपाच्या गोमुखीत, आणि तो गोमुखीसकट कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यावर टेकवलेला. माऊस डावीकडे. मी विचारलं तर म्हणाल्या, "उजवा हात देवाचा, डावा धंद्याचा."

त्यांनी डाव्या हाताने मंडपमित्र उघडलं. गणपती आलाच नाही! तक्ते, लिखाण, मेनू, सगळं पडद्यावर पसरलं.

"बेटा भद्रेश," बा म्हणाल्या, "हा तुझा मित्र तर धोतर सोडून उभा राहिला."

गोदामातली माणसं कनातींच्या ढिगाऱ्यामागून बघत होती. मी घाईघाईने बंद केलं.

घरी येऊन पुन्हा उघडलं. गणपती, चार बटणं. एकदम सज्जन.

१३ ऑक्टोबर

दुसरं कुलूप. उघडताच परवलीचा शब्द विचारणारी चौकट. घरी मुद्दाम चुकीचे शब्द टाकून पाहिले, आत घेईना. एकदा तर बरोबर शब्द टाकला तरी घेईना, इतकं पक्कं झालं आहे. (मागाहून दिसलं, माझंच टाइप करण्यात चुकत होतं.)

गोदामात घेऊन गेलो. बांनी पुटपुटत जप सुरू केला. "उघडेपर्यंत देवाचं नाव घ्यावं, तेवढाच वेळ सार्थकी." डाव्या हाताने टकटक केलं. चौकट आलीच नाही, सगळं उघडं.

"आजही नाहीच नेसला," बा म्हणाल्या.

मी त्यांना स्पष्ट विचारलं, "बा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"काय?"

"हेच."

"माझ्या सासूने. रोज पाच माळा जपते मी."

विषय टाळला. बाई पोचलेली आहे. हिने नक्कीच कुणीतरी जाणकार माणूस पदरी ठेवला आहे.

१६ ऑक्टोबर

नवरात्र चालू आहे. कल्लोलिनीच्या मुलींचा गरबा, त्यामुळे घरात रात्री मी एकटाच. सकाळी शेवटी मान तुकवून दुष्यंतकडे गेलो.

तो म्हणाला, "शिफ्टची कळ बंद केलीस का?"

शिफ्ट नावाची कळ दाबून ठेवून फाइल उघडली, तर मालकाने लावलेली सगळी कुलपं बाजूला होतात म्हणे. बनवणाऱ्यांनी मालकासाठीच ठेवलेली ती मागची वाट. ती बंद करायची सोयही आहे. दुष्यंतने करून दिली. मी त्याच्याकडे रोखून पाहत विचारलं, "बांना हे तू सांगितलंस?"

"कुठल्या बांना?"

अभिनय चांगला करतो.

संध्याकाळी कल्लोलिनीला सगळं सांगितलं. ती वेणीत गजरा माळत होती. थांबली. "ही कळ असते कुठे?"

"कीबोर्डच्या खालच्या बाजूला, डावीकडे एक, उजवीकडे एक."

"आणि बांची गोमुखी कुठे असते म्हणालात?"

"उजव्या कोपऱ्यावर. खरं तर देवाची वस्तू अशी यंत्रावर टेकवू नये, पण त्यांची श्रद्धा."

ती जी हसत सुटली ती गजरा हातात घेऊनच खोलीबाहेर गेली. गल्लीत पोचली तरी हसणं ऐकू येत होतं. देवाधर्मावर असं हसणं मला आवडत नाही.

१८ ऑक्टोबर

गोदामात पुन्हा चाचणी. बांनी जप केला, टकटक केलं. परवलीची चौकट! शब्द टाकला, गणपती! चार बटणं!

"नेसला गं बाई," बा म्हणाल्या आणि मला गूळ दिला.

त्यांचा तो गुप्त जाणकार आता हात चोळत बसला असेल.

२५ ऑक्टोबर, सोमवार

आठवडाभर नुसती चाचणी. मीच मंडपवाला, मीच कारकून, मीच ग्राहक. मुद्दाम चुका करायच्या आणि मंडपमित्र ती चूक पकडतं का ते बघायचं. चूक पकडली की पडद्यावर एक वाक्य येतं. ती वाक्यं मी काम करताना तात्पुरती लिहिली आहेत, स्वतःसाठीच, त्यामुळे भाषा जरा घरगुती आहे. तारीख न घालता पुढे गेलं की येतं, "तारीख कोण घालणार, तुझा सासरा?" पन्नास पातेली गेली आणि साठ परत आली असं लिहिलं तर, "पातेल्यांना पिल्लं झाली का रे?" तीच चूक दुसऱ्यांदा केली तर, "डोकं घरी ठेवून आलास का गाढवा?" आज मला सबंध दिवस गाढव म्हणवून घ्यावं लागलं.

वाटण्याआधी ही वाक्यं सभ्य करायची आहेत. "कृपया तारीख भरावी" वगैरे. एका दुपारचं काम.

३० ऑक्टोबर, शनिवार

दुष्यंतने शेवटचं आणि सर्वांत मोठं कुलूप सांगितलं. फाइलची एक सीलबंद प्रत बनवता येते. ती चालते अगदी तशीच, पण तिच्यातलं लिखाण कुणाला वाचता येत नाही आणि बदलताही येत नाही. अगदी मलासुद्धा नाही! याला म्हणतात सुरक्षा. मला इतका आनंद झाला की घरी येऊन पहिलं तेच केलं. सीलबंद प्रत तयार.

दुष्यंत म्हणाला होता, "मूळ प्रत मात्र जपून ठेव. फेरफार करायचा तर तीच लागते."

मी विचार केला. चोर आलाच तर काय नेईल? मूळ प्रत. म्हणजे खरा धोका मूळ प्रतीचाच. म्हणून ती एका सीडीवर उतरवली आणि कॉम्प्युटरवरून पुसून टाकली. सीडीवर नाव घातलं नाही, कारण नाव घालणं म्हणजे चोराला पत्ता देणं. आणि ठेवली कुठे? रिकाम्या सीडींच्या डब्यात. पानांत पान. बँकेत असताना इतकी चांगली जागा मला कधी सुचली नव्हती.

दुष्यंतलाही सांगितलं नाही. कल्लोलिनीलाही नाही.

६ नोव्हेंबर

दिवाळीची साफसफाई. माझं लक्ष सीडींच्या प्रती काढण्यात. शेवटी दुष्यंतकडेच काढाव्या लागल्या. मी पूर्ण वेळ यंत्राजवळ उभा होतो. त्याने मला स्टूल दिलं, मी बसलो नाही.

घरात एक चांगली गोष्ट झाली. गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. कल्लोलिनीने दोऱ्याला काहीतरी चमचमतं बांधून टांगलं आहे, वाऱ्यावर फिरतं, ऊन चकाकतं, कबुतरं फिरकत नाहीत. बाई हुशार आहे. तिला तसं म्हटलं तर म्हणाली, "तुमच्या डब्यात कोऱ्या पडल्या होत्या." मी तेव्हा सीडींच्या पाकिटांवर लेबल चिकटवत होतो, तिरकी लागत होती.

लाभपाचम

मेळावा दणक्यात! बांच्या गोदामासमोर मंडप, अर्थात उत्तम मंडप, सगळे मंडपवालेच. फाफडा, जिलेबी, पपईचा संभारो. मी मंडपमित्र चालवून दाखवलं. एकही चूक केली नाही, बोटं जपून टाकली. टाळ्या झाल्या. बा उठून म्हणाल्या, "हा मुलगा बँकेतला आहे, पण माणूस चांगला आहे." प्रत्येकाने सीडी घेतली, काहींनी तिला हळदकुंकू लावलं. एकाने नारळ फोडला तो जरा जवळ फोडला.

कल्लोलिनी मागच्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या, मी पाहिलं.

आज मी झोपणार.

२२ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी फोन. सिहोरचे नानजीभाई, मोठे मंडपवाले, आवाज मात्र लहान.

"भद्रेशभाई, जय स्वामिनारायण. एक विचारायचं होतं. तुमचं मशीन माझ्या सासऱ्यांना ओळखतं का?"

"नाही, का?"

"ते वारले. पण मशीन म्हणतं, तारीख ते घालणार आहेत."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

"आणि नंतर मला गाढव म्हणालं. दोनदा."

वाक्यं! सभ्य करायची राहिली! सीलबंद करण्याच्या आनंदात राहूनच गेली, आणि आता ती शिवीगाळ गावोगावच्या मंडपवाल्यांच्या टेबलावर आहे. मी नानजीभाईंची इतकी माफी मागितली की शेवटी तेच म्हणाले, "राहू द्या, दुसऱ्यांदा चूक माझीच होती."

घाबरायचं कारण नाही. मूळ प्रत आहे. वाक्यं बदलायची, पुन्हा सील करायचं, नव्या सीडी वाटायच्या.

तीच तारीख, दुपार

डबा पालथा घातला. सगळ्या कोऱ्या सीडी एकेक करून घालून पाहिल्या. खरोखरच कोऱ्या. कल्लोलिनी शाळेतून आली तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो आणि सभोवती सीडी.

"काय हरवलं?"

सांगितलं. तिने गॅलरीकडे बघितलं. मग मीही बघितलं.

वाऱ्यावर माझं वर्षभराचं काम गरागरा फिरत होतं.

"नाव तरी घालायचं त्यावर," ती हळूच म्हणाली.

"चोराला पत्ता लागला असता!"

"चोराला नाही, मला लागला असता."

सीडी सोडवून पुसली. उन्हाने पापुद्रे सुटले होते, दोऱ्याने चरे पडले होते, आणि एका बाजूला कबुतरांनी आपलं मत नोंदवलेलं. दुष्यंतकडे धावलो. त्याने यंत्रात घातली. यंत्राने घरघर केलं, खोकलं आणि ती बाहेर काढून दिली. दुष्यंत म्हणाला, "भद्रा, यातलं आता काही वाचता आलं तर कबुतरांनाच."

मग तो गंभीर झाला. "मला का नाही ठेवायला दिलीस? मी सांगणार होतो, पण तू स्टुलावरसुद्धा बसत नव्हतास."

त्याने चहा मागवला. मी या वेळी स्टुलावर बसलो.

२४ नोव्हेंबर

फोन थांबत नाहीत. पालिताण्याहून एकाने विचारलं, पातेल्यांना पिल्लं झाली असं कुणी सांगितलं? घोघ्याहून एकजण नुसताच हसायचा आणि फोन ठेवून द्यायचा. मेव्हण्याचाही फोन आला. म्हणाला, "मॅनेजरसाहेब, दुकानात पेन्सिलींचा नवा माल आलाय, मोजायला माणूस हवाय."

संध्याकाळी बांचा निरोप. उद्या मंडळाची तातडीची बैठक. मला हजर राहायचं आहे.

कल्लोलिनीने इस्त्री केलेला झब्बा काढून ठेवला. "शिव्या खायला जाताना कपडे तरी चांगले असावेत."

२५ नोव्हेंबर, गुरुवार

आलो. सावकाश, क्रमाने लिहितो.

गोदामात सगळे कनातींच्या गठ्ठ्यांवर बसलेले. मी उभाच. सुरुवातीलाच हात जोडले आणि म्हटलं, "सगळ्या सीडी परत घेतो. चूक माझी. ती वाक्यं मी माझ्या स्वतःसाठी लिहिली होती."

"स्वतःला गाढव म्हणता?" नानजीभाईंनी विचारलं.

"कामाच्या वेळात."

कुजबुज झाली. मग नानजीभाई उभे राहिले. मी डोळे मिटले.

"मी सीडी परत देणार नाही," ते म्हणाले. "माझा धाकटा भाऊ वीस वर्षं पातेली अंदाजाने लिहितो. वडील ओरडले, मी ओरडलो, बायको ओरडली. परवा मशीनने विचारलं, पिल्लं झाली का? तेव्हापासून तो गोदामात जाऊन बोट लावून मोजतो. म्हणतो, माणसाचं ऐकून घेईन, पण यंत्राकडून अपमान नको."

मग एकदम गलका. कुणाचा मुलगा तारीख घालायला लागला होता. कुणाच्या जावयाने गाद्या मोजल्या होत्या, लग्नानंतर पहिल्यांदाच. मागून एकजण तक्रारीच्या सुरात म्हणाला, "मला अजून काहीच म्हणालं नाही. माझ्या सीडीत बिघाड आहे का?"

"तू चूक केलीस का?"

"नाही."

"मग कर!"

बांनी गोमुखी आपटली.

"माझी तक्रार आहे," त्या म्हणाल्या. मी पुन्हा हात जोडले. "मला ते 'गाढवा' म्हणतं. मी बाईमाणूस आहे. म्हणायचंच तर 'गाढवे' म्हणावं. रीत म्हणून काही असते की नाही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सीलबंद आहे, बदलता येत नाही आणि मूळ प्रत कबुतरांनी नेली, हे मला सांगावं लागलं. सगळं सांगितलं, गॅलरीसकट. इतकं हसताना मी मंडपवाल्यांना कधी पाहिलं नव्हतं. एकजण गठ्ठ्यावरून घसरला.

बा डोळे पुसत म्हणाल्या, "मग पुन्हा बनव. या लग्नसराईत हेच चालवू, मी गाढवा ऐकून घेईन. उन्हाळ्याच्या लग्नांना नवीन दे. आणि भद्रेश, चोराची एवढी काळजी करू नकोस. आम्हाला वापरायलाच येत नाही, चोरायला कुठून येणार?"

यावर मला बरं वाटायला हवं होतं की वाईट, ते ठरेना. रस्ताभर विचार करत आलो.

२ डिसेंबर

पहिल्यापासून लिहायला घेतलं. रोज संध्याकाळी दोन प्रती काढतो. एक घरी, एक दुष्यंतकडे. दोन्हींवर मोठ्या अक्षरात नाव, आणि कल्लोलिनीने घरच्या प्रतीवर खाली लिहिलं आहे, "कबुतरांसाठी नाही."

सील सगळ्यात शेवटी लावायचं, असं दुष्यंतने भिंतीवर लिहून घेतलं आहे. माझ्याच भिंतीवर.

९ डिसेंबर

कल्लोलिनीने माझी जुनी वाक्यं वाचली आणि नाक मुरडलं. "तुमच्या सगळ्या शिव्या एका गाढवाभोवतीच फिरतात."

"तू लिहून दाखव."

"दाखवते. मुलींच्या शाळेत आयुष्य गेलंय माझं. गाढव न म्हणता रडवता येतं."

म्हणून या वेळी वाक्यं वेगळ्या तक्त्यात ठेवली आहेत. ती शाळेतून आली की हातपाय धुऊन कॉम्प्युटरवर बसते आणि स्वतः टाइप करते. एका बोटाने, पण सुरात गुणगुणत. आजचं एक: "छान. अजून एकदा असंच चुकवा, म्हणजे पाठ होईल." दुसरं: "घाई तुम्हाला आहे, पातेल्यांना नाही." वाचूनच मला पाठीत ताठ बसावंसं वाटलं. बांना फोनवर ऐकवलं तर म्हणाल्या, "ही बाई कुठल्या शाळेत असते? माझ्या सुनांना पाठवते."

१७ डिसेंबर, शुक्रवार

आज परतीच्या मालाचं पान पूर्ण केलं आणि चाचणीला बसलो. थंडी पडली आहे, खिडकी लावून घेतली होती. एक आकडा काही केल्या जुळेना. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. कल्लोलिनीची वाक्यं एकामागून एक येत होती आणि मी एकेक निमूट गिळत होतो. पुढच्या वेळी चुकलो तर पडद्यावर नवीनच चौकट आली. मी ती आधी पाहिली नव्हती.

"आता पुरे. उठा. रोटले गार होतायत."

मी आकडा तसाच सोडून उठलो. स्वयंपाकघरात वांग्याचा ओळो, लसणाची चटणी, गूळ, आणि ती ताट वाढून बसलेली.

रोटल्यावर लोणी घालता घालता मी म्हटलं, "ते वाक्य काढायला हवं. सगळ्या मंडपवाल्यांकडे जाईल."

"मग? त्यांच्या घरी जेवण नसतं का?"

वाक्य ठेवलं आहे.